शेजारणीचे पातेले

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



यंदा वर्धापनदिनाला तुम्ही बोलायचे, असा चिटणीसबाईंचा निरोप आला तेव्हा माझ्या पोटात गोळाच उठला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. आई आजारी पडली, घरात धाकटी भावंडे होती, शाळा सुटली ती सुटलीच. मी काय भाषण करणार? पण चिटणीसबाई म्हणाल्या, "जे तुम्हाला नीट ठाऊक आहे तेवढेच सांगा." मग मी विचार केला, मला नीट ठाऊक आहे ते माझे माहेर आणि माहेरची शेजारीण. तेव्हा आज त्या शेजारणीविषयी, तिच्या लोकांच्या रीतीभातींविषयी चार शब्द सांगते. काही गोष्टी मी डोळ्यांनी पाहिल्या, काही तिच्या तोंडून ऐकल्या आणि साल-तारखा माझ्या कॉलेजातल्या मुलीने वाचून दाखवल्या.

माझे माहेर अलिबागचे. तिथे इस्रायल आळी म्हणून एक आळी आहे. आपल्या जालन्यात ही मंडळी दिसत नाहीत, म्हणून पुष्कळ जणींना नावही नवे वाटेल. हे यहुदी लोक. स्वतःला ते बेने इस्रायल म्हणवतात, म्हणजे इस्रायलची लेकरे. पण यहुदी म्हटले की कोणी परदेशी, गोरे, वेगळी भाषा बोलणारे असे मनात आणू नका. यांची बोली मराठी, नेसणे आपल्यासारखेच लुगडे, गळ्यात मंगळसूत्र, हातात हिरव्या बांगड्या. आडनावे पाहाल तर नवगावकर, रोहेकर, पेणकर, दिवेकर, किहिमकर. ज्या गावी राहिले त्या गावाचे नाव लावले. पूर्वीच्या पुरुषांची नावेही अशीच मराठी वळणाची. सॅम्युएलचा सामाजी झाला, बेंजामिनचा बन्याजी झाला.

ही माणसे कोकणात कशी आली, याची त्यांची एक परंपरेची गोष्ट आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला फुटले. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. बुडालेल्यांना जिथे पुरले ती जागा नवगावला आजही दाखवतात. तिथे स्मारक आहे. गलबताबरोबर त्यांच्या पोथ्याही गेल्या. तेव्हा पोथी नाही, देऊळ नाही, उपाध्या नाही, आपली भाषाही हळूहळू विसरलेली, अशा स्थितीत ही माणसे कोकणच्या खेड्यांत राहिली. एकच प्रार्थना तोंडी राहिली होती, "शेमा" नावाची, देव एकच आहे असे सांगणारी. जन्म असो, लग्न असो, मरण असो, तीच म्हणायची.

पोटासाठी त्यांनी तेलाचा घाणा धरला. आपल्याकडे करडईचे घाणे होते तसे तिकडे खोबऱ्याचे आणि तिळाचे. आता पाहा, ही मंडळी शनिवारी घाण्याला बैल जुंपत नसत. त्यांच्या धर्मात सातवा दिवस विश्रांतीचा, त्याला ते शब्बाथ म्हणतात. त्यामुळे गावकऱ्यांनी त्यांचे नावच पाडले, शनवार तेली. सोमवारी घाणा बंद ठेवणारे ते सोमवार तेली आणि शनिवारी ठेवणारे ते शनवार तेली. त्या दिवशी घाणा का बंद, याचा लेखी आधार त्यांच्यापाशी एक ओळीचाही नव्हता. पण घाणा बंद म्हणजे बंद. पिढ्यानपिढ्या दर आठवड्याचे एका दिवसाचे उत्पन्न सोडले.

भगिनींनो, पुढची गोष्ट मावशींनी मला मासळी साफ करता करता सांगितली. दाविद राहाबी नावाचे एक विद्वान यहुदी गृहस्थ कोचीनकडून कोकणात आले. त्यांना शंका आली की हे लोक आपल्यातलेच असावेत. पण पारख कशी करायची? पोथी नाही, भाषा नाही. तेव्हा त्यांनी बायकांच्या पुढे निरनिराळ्या जातींची मासळी ठेवली आणि म्हणाले, शिजवा. बायकांनी खवल्यांची आणि परांची मासळी तेवढी उचलली आणि बाकीची बाजूला सारली. यहुदी शास्त्रात हाच नियम आहे. ज्याला खवले आणि पर दोन्ही आहेत तोच मासा खायचा. कोळंबी नाही, चिंबोरी नाही, तिसऱ्या नाहीत, मुशी नाही. राहाबींनी ओळखले, हे आपलेच. मग त्यांनी तीन माणसांना धर्माचे शिक्षण दिले, त्यांना काजी म्हणू लागले. ही गोष्ट नेमकी कोणत्या शतकातली यावर जाणत्यांचे एकमत नाही. पण मला तिच्यातले एवढे पुरते की जी परीक्षा झाली ती चुलीपुढे झाली आणि पुरुषांच्या आधी बायका पास झाल्या.

आता मी माझ्या मावशींकडे येते. त्यांचे नाव सांगत नाही, त्यांना ते रुचायचे नाही. आमची भिंतीला भिंत. मी त्यांना मावशी म्हणायची, आई त्यांना ताई म्हणायची आणि त्या आईला वहिनी. त्यांच्या दाराच्या उजव्या चौकटीला एक लहान नळी बसवलेली होती. तिच्यात चामड्यावर लिहिलेले शास्त्रवचन असते. येता जाता त्या तिला बोटे लावून ओठांना लावीत, आपण देवळाच्या पायरीला हात लावून कपाळाला लावतो तसे. तसाच त्यांच्यात भेटण्याचा एक प्रकार आहे, त्याला हातबोशी म्हणतात. दोन्ही हातांत दुसऱ्याचे हात धरायचे आणि मग आपली बोटे ओठांना लावायची. प्रार्थना संपल्यावर वडीलधाऱ्यांपासून सुरू होऊन ती हातबोशी सगळ्या लोकांत फिरत जाते.

त्यांच्या प्रार्थनामंदिराला जुनी माणसे मशीद म्हणत. आळीतले मंदिर १८४८ साली स्थापन झालेले, मागेन आबोथ नावाचे. मुंबईतले त्यांचे पहिले मंदिर त्याच्याही आधीचे, १७९६ सालचे. ते बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर कंपनीच्या फौजेत अंमलदार होते आणि लढाईत टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले होते. तुम्ही कोण, असे विचारता त्यांनी बेने इस्रायल म्हणून सांगितले. ते नाव ऐकून टिपूच्या आईने रदबदली केली आणि त्यांचा जीव वाचला, अशी त्यांच्यात सांगी आहे. सुटून आल्यावर त्यांनी मुंबईला हे मंदिर बांधले. पनवेलच्या आणि रेवदंड्याच्या मंदिरांचे नाव बेथ-एल, म्हणजे देवाचे घर. हे नाव ऐकले तेव्हा मला नवल वाटले, कारण आपल्या जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी ख्रिस्ती लोकांची वस्ती वसवली तिचेही नाव बेथेलच. शब्द एकाच भाषेतला, हिब्रू भाषेतला.

शुक्रवारची मावशींची धांदल पाहण्यासारखी असे. त्यांचा दिवस सूर्य मावळला की सुरू होतो, म्हणून शब्बाथ लागतो तो शुक्रवारी दिवेलागणीला. त्याच्या आत शनिवारचे सगळे रांधून झाकून ठेवायचे, घर सारवायचे, न्हायचे. मग टांगत्या काचेच्या हंडीत पाणी, वर खोबरेल, त्यात वात, असा दिवा लावायचा. रात्री दाखवायला द्राक्षाचा रस हवा. तो विकत कुठे मिळणार? मावशी काळ्या मनुका दुपारी भिजत घालीत, संध्याकाळी कुस्करून फडक्याने गाळीत. त्या सरबतावर प्रार्थना म्हणून सगळे एक एक घोट घेत. दुसऱ्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत काडी ओढायची नाही, चूल पेटवायची नाही. मावशी दमेकरी होत्या, थंडीत गरम पाण्यावाचून त्यांचे हाल होत, पण शनिवारी त्यांनी काडी ओढल्याचे मी पाहिले नाही.

त्यांची वर्षाची रीत ऐकाल तर पुष्कळशी ओळखीची वाटेल. त्यांचे महिनेही चंद्रावर चालतात आणि आपल्या अधिक मासासारखा त्यांच्यातही मधून मधून एक महिना जास्त येतो. त्यामुळे त्यांचे सण आपल्या सणांच्या आसपास पडतात, एखाद्या वर्षी महिन्याचा फरक पडतो इतकेच. कोकणच्या जुन्या मंडळींनी त्यांना नावेही मराठीच ठेवली. आपल्या घटस्थापनेच्या सुमाराला त्यांचे वर्ष सुरू होते, तो नव्याचा सण. त्या दिवसांत मावशी गव्हाच्या चिकाचा आणि नारळाच्या दुधाचा हलवा करीत. तो घोटता घोटता हाताचे तुकडे पडत, पण शेजारीपाजारी वडी गेलीच पाहिजे. पुढे नव्या तांदळाच्या खिरीचा सण. मग दहाव्या दिवशी दारफाळणी. दारे लावून घ्यायची म्हणून दारफाळणी. पांढरी वस्त्रे नेसायची, कडकडीत उपास करायचा, पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, वर्षभर झालेल्या चुकांची देवाजवळ क्षमा मागायची. पूर्वी त्या दिवशी परक्याला शिवत नसत, बोलत नसत. दुसरा दिवस शिळा सण. त्या दिवशी दारे उघडायची, गोरगरिबांना द्यायचे आणि भेटीगाठी करायच्या. त्यानंतर पौर्णिमेला मंदिराच्या अंगणात झावळ्यांचा मांडव घालून त्याला फळे टांगीत.

फाल्गुनात आपली होळी आली की त्यांचा पुरीमचा सण येतो. एस्तेर नावाच्या राणीने आपल्या लोकांचा जीव वाचवला त्याची ती आठवण. त्याला जुनी माणसे होळीचा सणच म्हणत आणि त्या दिवशी पुरणपोळी होई. सांगा बरे, आता यात परके काय राहिले? आषाढ-श्रावणाच्या सुमारास बिरड्याचा रोजा. यरुशलेमचे त्यांचे मोठे मंदिर शत्रूंनी पाडले, त्या दुःखाचा हा उपास. तो सोडताना मोड आलेल्या वालांचे बिरडे लागते. कोकणात त्या दिवसांत वालाच्या बिरड्यावाचून दुसरे काय असणार!

आणि मलिदा. आपल्या मराठवाड्यात मलिदा म्हटले की पोळीचा गूळ घालून केलेला चुरमा, पिराला नेतात तो. त्यांचा मलिदा पोह्यांचा. पोहे भिजवायचे, त्यात गूळ, ओले खोबरे, वेलची, बदाम-पिस्ते घालायचे. मोठ्या ताटात ते पोहे आणि भोवती पाच प्रकारची फळे मांडायची. नवस फेडायचा असो, लग्न ठरो, नवे घर होवो, मलिदा करायचा. सगळे जमून एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याची प्रार्थना गातात, फळाला धरून देवाचे आभार मानतात, सुवासिक फूल हुंगूनही देवाचे आभार मानतात. अलिबागजवळ खंडाळ्याला एका खडकावर खुणा आहेत. एलियाहू हन्नाबी रथातून तिथे आले होते, त्या घोड्यांच्या टापा आणि रथाची चाके उमटली, असे ते लोक मानतात आणि तिथे जाऊन मलिदा करतात. जगात इतर ठिकाणचे यहुदी मलिदा करीत नाहीत, हा खास आपल्या कोकणचा. माझे लग्न होऊन मी जालन्याला आल्यावर पहिल्यांदा माहेरी गेले तेव्हा पिशवीभर मोसंबी नेली होती. मावशींनी त्यातले एक मलिद्याच्या ताटात मध्यभागी ठेवले आणि म्हणाल्या, "आमच्या लेकीच्या सासरचं फळ." ते मोसंबे मी अजून विसरले नाही.

आता ज्यासाठी हे सगळे सांगितले त्या मुद्द्यावर येते.

मावशींच्या खाण्याचे नियम कडक. मटण आणि दूध एकत्र करायचे नाही, म्हणून मटणात दह्याऐवजी नारळाचे दूध. त्यांच्या माणसाने रीतीप्रमाणे कापलेलेच मांस घ्यायचे, तेही मीठ लावून, रक्त काढून धुऊन. आमच्या घरी तर कोळंबी, चिंबोऱ्या आठवड्यातून तीनदा. म्हणजे आमच्या भांड्यातले त्यांना चालणार नाही. आईला याचे वाईट वाटे. आमच्या घरी सण झाला तरी ताईंना घोटभर काही देता येत नाही. मग एकदा आईने काय केले, भाजीचे पैसे साठवून एक नवे पितळेचे पातेले घेतले. घरी न आणता थेट मावशींच्या ओट्यावर नेऊन ठेवले आणि म्हणाली, "ताई, हे तुमच्या हाताने धुऊन द्या. यात मी मासळीमटण घालणार नाही. तुमच्यापुरते ते माझ्याकडे राहील." मावशींनी ते घासले, कल्हई लावून आणले. त्या दिवसापासून ते फडताळात वरच्या खणात राहिले. श्रीखंडाचा चक्का असो, वालाची उसळ असो, त्या पातेल्यातले मावशींकडे जाई. संक्रांतीला मावशी आमच्याकडे येत, कुंकू लावून घेत नसत, तिळगूळ आणि फूल घेत. आईने कधी "एवढे लावून घ्या हो" म्हटले नाही.

मी मात्र एकदा चुकले. मी नऊ-दहा वर्षांची असेन. चैत्री पौर्णिमेच्या सुमारास त्यांचा अनशी धाकाचा सण येतो. आठ दिवस घरात आंबवलेले काही ठेवायचे नाही. पाव नाही, आंबोळी नाही, खमिराचा कणही नाही. गव्हाची बिनआंबवलेली भाकरी आणि भात खायचा. मिसरच्या गुलामीतून त्यांचे पूर्वज घाईने निघाले, पीठ फुगायला वेळ नव्हता, त्याची ही आठवण. त्याआधी मावशी चार दिवस घर झाडीत, डबे उन्हात घालीत, चादरी झटकीत. आणि सणाच्या ऐन सकाळी मी सायकलवाल्याकडून घेतलेला पाव खात खात त्यांच्या घरात शिरले. स्वयंपाकघरापर्यंत चुरा सांडला.

मावशी काही बोलल्या नाहीत. माझा हात धरून मला ओट्यावर नेले, तोंड पुसले, हात धुतले. मग आत जाऊन गुडघ्यावर बसून सगळी फरशी पुन्हा धुवायला लागल्या. धाप लागत होती. आई बघून धावत आली. मला वाटले आता धपाटे बसणार. मी रडतच म्हटले, "मला माहीत नव्हतं." तेव्हा मावशी आतून म्हणाल्या, "खरंच आहे, वहिनी, पोरीला माहीत नव्हतं. नाही माहीत त्याचा दोष नाही. पण बाय, आता माहीत झालं ना?"

बस, एवढेच. पुढच्या वर्षी त्या सणाला मी आमच्या ओट्यावर बसून सायकलवाल्याला आधीच पुढे पिटाळले होते.

लग्न होऊन मी इकडे आले. आमच्या खेड्यात पहिल्या आठवड्यात मी वळचणीला खोचलेला एक कान तुटका कप पाहिला. कुणाचा म्हणून विचारले, तर शेतावर येणाऱ्या अमुक वस्तीतल्या बायांचा. त्यांनी तो काढायचा, चहा प्यायचा, धुवायचा आणि पुन्हा खोचायचा. मला एकदम आईचे पातेले आठवले. तेही वेगळे आणि हेही वेगळे. पण केवढा फरक! पातेले वेगळे ठेवले होते ते शेजारणीला आपल्या पंगतीला घेता यावे म्हणून, आणि कप वेगळा ठेवला होता तो तिला पंगतीपासून लांब ठेवावे म्हणून. मी नवी सून, त्या वेळी बोलले नाही, याची मला आजही लाज वाटते. पुढे सासूबाईंच्या पाठीमागे मी तो कप फोडला एवढेच. त्या समजल्या, आणि पुन्हा दुसरा कप वळचणीला गेला नाही.

शहरात बिऱ्हाड केले तेव्हा माझ्यावरही पाळी आली. माहेरची आठवण आली म्हणून एका दुपारी मी सुकट भाजली. संध्याकाळी घरमालकीणबाईंनी बिऱ्हाड सोडायला सांगितले. वास सहन होत नाही हे मी समजू शकते, मला आधी सांगितले असते तर मी भाजलीही नसती. पण कुणी सांगितले नाही, कुणी विचारले नाही, नुसते सामान बाहेर.

मावशींचे लोक काही देवदूत होते असे मी म्हणत नाही. त्यांच्यातही पूर्वी गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल असा भेद होता. एकमेकांत लग्न नाही, पंगत नाही. पुढे तो भेद मावळत गेला. १९४८ साली इस्रायल देश झाला आणि ही मंडळी थोडीथोडी करून तिकडे जाऊ लागली. तिथे काय झाले, तर १९६२ साली तिथल्या धर्माधिकाऱ्यांनी शंका काढली की तुम्ही पुरते यहुदी आहात कशावरून, लग्नाआधी पिढ्यांचा दाखला आणा. ज्यांनी पोथीवाचून शब्बाथ सांभाळला, त्यांनाच दाखला! ती माणसे रस्त्यावर बसली, उपोषणे केली. शेवटी १९६४ साली तिथल्या सरकारने ती इतर यहुद्यांच्या बरोबरीची आहेत असे जाहीर केले. तुटका कप असा कुठेही निघतो, भगिनींनो. जात-धर्म-देश पाहून तो येत नाही.

या समाजातल्या बायकांविषयी दोन वाक्ये बोलते, कारण आपण महिला मंडळात आहोत. १८७४ साली पुण्यात त्यांच्या अनशी धाकाच्या सणाचे पुस्तक हिब्रू आणि मराठीत छापले. त्यात भाकरी करणाऱ्या बायकांची चित्रे आहेत, त्या लुगडे नेसलेल्या आहेत. त्याच समाजातल्या डॉक्टर जेरुशा झिराड विलायतेला शिकून आल्या, १९२८ पासून १९४७ पर्यंत त्यांनी मुंबईचे कामा हॉस्पिटल सांभाळले, हजारो बायकांची बाळंतपणे सुखरूप केली. त्यांना १९६६ साली पद्मश्री मिळाली. आपल्या आज्या-पणज्या दाईच्या भरवशावर होत्या तेव्हाची ही गोष्ट आहे.

आज महाराष्ट्रात हे लोक थोडके राहिले आहेत, काही हजार. २०१६ साली सरकारने त्यांना अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली. अलिबागच्या आळीतली बरीच घरे बंद आहेत. मावशीही मुलाबरोबर तिकडे गेल्या. जाताना दाराच्या चौकटीची नळी काढून घेतली, तिथे लाकडावर पांढरा पट्टा राहिला आहे. त्या आता पंचाऐंशीच्या पुढे आहेत. अश्दोदला राहतात. महिन्या-दोन महिन्यांनी मी त्यांना फोन करते. शुक्रवारी करायचा तर त्यांच्याकडे सूर्य मावळायच्या आत करते, नंतर त्या घेणार नाहीत हे मला माहीत आहे. बोलतात अजून तशाच, "काय गो बाय, कशी हायस?" मागच्या वेळी विचारले, "वहिनीचं पातेलं हाय का गो?" आई जाऊन सहा वर्षे झाली. पातेले माझ्याकडे आहे. म्हटले, "आहे मावशी, वरच्या खणात." मग दोघींनाही थोडा वेळ काही बोलता आले नाही.

आता आपल्या मंडळाविषयी. मी कुणाला बोल लावीत नाही, कारण तारीख ठरवणाऱ्यांत मीही होते. मागे एका महिला दिनाला आपण दुपारचे जेवण ठेवले आणि आपल्या मुस्लिम भगिनींना आग्रहाने बोलावले. ऐन रमजानचे दिवस. त्या आल्या, दोन तास आपल्या पंगतीत वाढत राहिल्या आणि हसतमुखाने उपाशी घरी गेल्या. कोजागिरीला आपण रात्री दहाला दूध वाटले, आपल्या जैन भगिनी सूर्यास्तानंतर काही घेत नाहीत, त्या पेला हातात धरून बसल्या. ख्रिस्ती भगिनींना आपण रविवारी सकाळी सभेला बोलावतो आणि मग त्या येत नाहीत म्हणून नावे ठेवतो. हळदीकुंकवाला कुणाला बोलवावे आणि कुणाला नाही यावर आपल्यात दर वर्षी कुजबुज होते. एखादीला नवरा नाही म्हणून, एखादीचा धर्म वेगळा म्हणून. आपल्याला माहीत नव्हते म्हणावे, तर वीस-वीस वर्षे आपण एकमेकींच्या शेजारी राहतो.

तेव्हा माझी एक साधी सूचना आहे. मंडळात एक वही घालावी. प्रत्येक घराचे एक पान. तुमचे मोठे सण कोणते, उपास कोणते, तुम्हाला काय चालत नाही, कोणत्या दिवशी तुम्हाला बोलावू नये, हे ज्याने त्याने आपल्या तोंडाने सांगावे आणि तसेच लिहावे. दुसरीने सुचवू नये. कार्यक्रमाची तारीख ठरवायच्या आधी वही उघडावी. याला पैसा लागत नाही, वहीचे दहा-वीस रुपये मी देते. आणि हळदीकुंकवाला सगळ्यांना बोलवावे. जिला कुंकू चालते तिला कुंकू, जिला चालत नाही तिला फूल आणि तिळगूळ. आग्रह नको आणि वगळणेही नको.

आणि ते पातेले मी आज बरोबर आणले आहे. हे टेबलाखाली ठेवले आहे. कल्हई नवी करून घेतली आहे. त्यात आजवर मासळी-मटण शिजलेले नाही. ते मी मंडळाला देते. आपल्या जेवणात कांदालसूण नसलेले, एखाद्या भगिनीच्या नेमाचे जे काही करायचे असेल ते यात करावे, दुसरे काही करू नये. त्यावर देणगीदार म्हणून नाव घालू नका. आईला ते आवडले नसते.

 बोलताना काही कमीजास्त झाले असेल, कुणाच्या रीतीविषयी चुकीचा शब्द गेला असेल, तर मला सांगा. आता माहीत झाले, असे मी म्हणेन आणि पुढच्या वेळी तशी चूक करणार नाही.